बॉयलरच्या पोटातला मिस्त्री

खोटं वाटेल, पण आमचा मिस्त्री लॉन्ड्रीच्या बॉयलरला आतून भट्टीच्या विटा लावायला त्याच्या पोटात शिरला आणि लाकडं टाकायच्या तोंडाशीही विटा आतूनच लावून बसला. कामाच्या नादात तोंड एवढं अरुंद झालं, की त्याचं डोकंसुद्धा बाहेर निघेना. ‘माझं काम हातोड्यानंही हलायचं नाही,’ अशी फुशारकी त्यानं सकाळीच मालकीणबाईंपुढे मारली होती. आता हाक कोणत्या तोंडानं मारणार? बाईंनी पेटवायला लाकडं आत सरकवली, तर हा पठ्ठ्या ती अंधारात निमूट रचत बसला!

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. तिला आत दोन डोळे लुकलुकताना दिसले.

‘मिस्त्री कुठं गेले गं?’ बाईंनी काडेपेटी काढत विचारलं.

‘ताप भरलाय त्यांना, घरी निजलेत,’ तिनं डबा पदराआड सरकवला. ‘विटांचे सांधे अजून ओले आहेत म्हणाले, उद्या पेटवा.’

बाई कुरकुरत गेल्या. बायकोनं बाहेर राहिलेल्या त्याच्याच पिशवीतला हातोडा आत सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

‘अहो, फोडा आता. मी नाही बघत.’