उंडीतलं मीठ

बंदरावरच्या उंडीच्या खोडातून काढलेल्या पेन्सिलीएवढ्या कांडीत एकसष्ट वर्षवलयं होती. रेवतीने तपासणीचं यंत्र बाहेरून बाविसाव्या वलयावर आणलं, हेमलताच्या वडिलांची होडी बुडाली त्या वर्षाच्या. दर्यात बुडालेल्यांच्या श्राद्धाची तिथी आता अशीच काढत. वादळाने ज्या दिवशी खारं पाणी किनाऱ्यावर फेकलं, त्या दिवसाचं मीठ लाकडात सापडे.

"झाडाला काय ठावं दर्यातलं?" धर्माकाका हसला. त्या होडीचा प्रमुख, तांडेल, तोच, आणि जिवंत परतला तोही एकटाच.

"झाड गप्पा मारत नाही, काका. मीठ तेवढं जपून ठेवतं."

हेमलताला वडिलांची तिथी हवी होती. आई ती विचारतच गेली होती.

"नारळी पुनवेनंतरचं बघ," काका म्हणाला. "नारळ सोडूनच निघालो आम्ही. हिचा बापूस त्याशिवाय होडीत पाय टाकायचा नाय."

रेवतीने पुढचे सगळे दिवस तपासले. "नंतर मीठच नाही. आधी आहे."

"आधी?" हेमलता वळली. "भर पावसाळ्यात माझ्या बापाला होडीत कोणी चढवलं, काका?"

काकाने टेबलाची कड घट्ट धरली.

पडद्यावर नोंद उमटली: मीठ एकदाच. आषाढ वद्य द्वितीया, नारळी पौर्णिमेच्या अठ्ठावीस दिवस आधी.