परत गेलेली दोन पत्रं

खासदारांच्या कचेरीत शैलेंद्र तिसऱ्यांदा खुर्चीतून उठला आणि तिसऱ्यांदा खिडकीपाशी जाऊन आला. बाहेर बर्फ, पार्किंग लॉट आणि त्यात त्याची गाडी. काहीही हलत नव्हतं. ऑफिसमधून दोन तासांची सुट्टी काढली होती, त्यातला पाऊण तास येरझाऱ्यांतच गेला होता.

"बसा हो शैलेंद्र, मला गरगरायला लागलं," जोन म्हणाली. जोन मूळची वसईची, वीस वर्षं कॅनडात. खासदारांकडे येणारी इमिग्रेशनची प्रकरणं तीच बघायची. कॅनडात मराठी बोलणारी बाई या खुर्चीत सापडली, हेच शैलेंद्रला अर्धं काम झाल्यासारखं वाटलं होतं.

"मॅडम, साहेबांची एकदा भेट झाली असती तर... त्यांनी दिल्लीच्या व्हिसा ऑफिसला एक फोन टाकला असता."

"तसं नसतं इथे. एमपी फक्त स्टेटस विचारू शकतात. आणि हा बॉक्स घेऊन जा प्लीज, आम्हाला गिफ्ट चालत नाही."

संत्रा बर्फीचा डबा त्याने मुकाट्याने मांडीवर घेतला. खासदाराच्या दारी रिकाम्या हाताने जाणं नागपूरच्या माणसाच्या जिवावर येतं. लग्नाला बावीस महिने झाले होते. बायको नागपूरला त्याच्या आईजवळ आणि तो इथे एका बेसमेंटमध्ये. दर रविवारी फोन व्हायचा. हल्ली फोनवर ती नुसतं 'हं, हं' करायची, आणि त्या हुंकाराची त्याला आता धास्ती वाटायला लागली होती.

"उत्तर आलंय," जोनने कागद पुढे ओढला. "चांगलं नाही. दिल्लीहून इंटरव्ह्यूसाठी दोनदा रजिस्टर पत्र गेलं. एप्रिलमध्ये एक, जूनमध्ये एक. दोन्ही परत आली. आता या महिनाअखेर फाइल क्लोज करणार आहेत."

"परत? अहो, आई चोवीस तास घरात असते!"

"पाकिटावर शेरा आहे. नीलिमा रविकांत मुळावकर या पत्त्यावर राहत नाहीत."

"कोण?" शैलेंद्रने विचारलं.

जोनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"हां, म्हणजे बायकोच. पासपोर्ट लग्नाआधीचा आहे ना, म्हणून कागदोपत्री ते नाव. लग्नात आम्ही बदललं. घरी सगळे चैत्राली म्हणतो."

"ते मला कळलं. दिल्लीच्या ऑफिसरला कसं कळणार? त्याला वाटतंय, बाई सासरी राहतच नाही, लग्न नुसतं कागदावरचं आहे. फाइल वाचवायची तर पत्रं का परत गेली ते मला आजच लिहून पाठवायला हवं. घरी फोन लावा. आत्ता. स्पीकरवर टाका, मी नोट करते."

नागपुरात रात्रीचे साडेआठ झाले होते. आईने फोन उचलला. जेवलास का, थंडी किती, हे विचारून होईपर्यंत शैलेंद्र डब्याची दोरी सोडत आणि बांधत होता.

"आई, दिल्लीहून रजिस्टर पत्रं आली होती का गं?"

"आली होती बाप्पा, दोनदा. पण आपली नव्हती. मुळावकर नाव होतं त्याच्यावर. मी पोस्टमनला सांगितलं, या नावाचं आमच्या घरात कुणी राहत नाही."

"आई! अगं, सुनेचं माहेरचं नाव माहीत नाही तुला?"

"माहीत काहून नसेल? पण आता ते कुठं राहिलं? चारचौघांत ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव तूच लिहिलंस ना? मग आता माझ्यावर काहून ओरडून राहिला?"

चूक आईची होती असं शैलेंद्रला ठामपणे म्हणायचं होतं, आणि ते काही केल्या तोंडातून निघत नव्हतं. जोन लिहायची थांबली होती.

"तिला दे," तो शेवटी म्हणाला.

भांड्यांचा आवाज झाला. मग नेहमीचं "हं."

"चैत्राली, पोस्टमन आला तेव्हा तू कुठे होतीस?"

"आईंच्या मागेच उभी होते."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"मग बोलली का नाहीस? अगं, तुझा व्हिसा होता तो! बावीस महिने मी इथे कुणाकुणाचे उंबरठे झिजवतोय, आणि तू नुसती उभी राहिलीस?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माहेरहून फोन आला होता, स्पीकरवर," ती म्हणाली. "ताईनं जुन्या नावानं हाक मारली, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, आता या घरात त्या नावाला ओ द्यायची नाही. सगळे हसले होते. मीही हसले होते."

शैलेंद्रला ते आठवत नव्हतं. पण तो तसं म्हणाला असणार, यात त्याला शंका वाटली नाही, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

जोनने हात लांब करून फोन स्वतःकडे ओढला आणि पेन उघडलं.

"नीलिमा?"

"ओ!" पलीकडून लगेच आलं.