राजाच्या गालावरचा अंगठा

वेसेलिंककाकांनी बशीतले केकचे कण अंगठ्यानं टिपले, अंगठा तोंडात घालून चोखला आणि पुन्हा बशीकडे वळवला. कॉफीबरोबर एकच तुकडा द्यायची रीत. तो कधीच संपला होता. तिनेके समोर बसून बघत होती. घर आहे, गाडी आहे, गावातल्या नाणेसंग्राहक मंडळाचं अध्यक्षपद आहे, पण दुसऱ्याच्या बशीतला कण काही सुटत नाही. तिला शिसारी आली. तरी तिनं त्यांना आणखी कॉफी ओतली, कारण बाबांचा एवढा जुना मित्र दुसरा नव्हता.

टेबलावर मखमलीच्या तबकात बाबांचं नाणं होतं. दुसऱ्या विलेम राजाच्या काळातलं, अडीच गुल्डेनचं, चांदीचं, कालच टांकसाळीतून निघाल्यासारखं. फक्त राजाच्या गालावर एक करडा अंगठा उमटला होता.

“जिवाला लागतं गं पोरी,” काका म्हणाले. “हा डाग नसता तर तू सांगशील ती किंमत दिली असती. आता अर्धीसुद्धा कुणी देणार नाही. मी देतो, ते तुझ्या बाबाखातर, हर्मनखातर.”

“पुसून निघणार नाही?”

“पुसायचं नाव काढू नकोस. पुसलेलं नाणं म्हणजे नुसता चांदीचा तुकडा. आणि घामाचा ठसा आधी दिसतच नाही. काही आठवड्यांनी वर येतो, तोवर त्यानं चांदी खाल्लेली असते. शेवटी शेवटी तुझ्या बाबाचं भान सुटलं होतं, दुसरं काय. मंडळात सगळे हळहळले.”

म्हणजे मंडळात सांगूनही झालं होतं.

बाबांनी आयुष्यात नाण्याच्या तोंडावर बोट ठेवलं नव्हतं. दोन बोटांच्या चिमटीत, कडेनं, खाली मखमल अंथरून. मंडळातला कुणीही झोपेतसुद्धा तसंच धरतो. माणसांनाही बाबा तसंच धरायचे. त्यांनी आपल्याला कधी जवळ ओढल्याचं तिनेकेला आठवत नव्हतं. म्हणून ते गेल्यावर काही आठवड्यांनी हा डाग वर आला, तेव्हा ती रडली होती, पण दुःखानं नाही. जाण्याआधी एकदा तरी त्यांनी कशाला तरी उघड्या हातानं स्पर्श केला होता. त्या दिवसापासून नाण्याची डबी तिच्या उशाशी असायची. विकायचं नाही, हे तिचं कधीच ठरलं होतं. मागच्या खेपेला डाग बघून काकांनी नाणं मागितलं होतं; आज फक्त त्यांना तसं सांगायचं होतं.

“एकदा भिंगातून बघू?” तिनं विचारलं.

काकांनी लगेच खिशातलं भिंग काढून दिलं. डाग मोठा दिसला की भाव आणखी उतरतो, हे त्यांना ठाऊक होतं.

तिनं सावकाश पाहिलं. बारीक रेषांची वळणं राजाच्या डोळ्यापर्यंत गेली होती. त्यांच्यामधून एक तिरकी कोरी पट्टी गेली होती. तिथं सगळ्या रेषा तुटत होत्या.

“ही पट्टी कसली?”

“जुना वण असेल. हर्मनचा अंगठा, मला काय ठाऊक.”

आजारपणात बाबांची नखं तिनंच कापली होती. तेवढंच त्यांनी करू दिलं होतं. दोन्ही अंगठे गुळगुळीत होते.

काकांचा अंगठा पुन्हा बशीत उतरला. जाड, ओला, आणि मधून तिरका गेलेला पांढरा वण. चीज तासताना पातं कसं अंगठ्यात घुसलं, ती हकिगत त्यांनी बाबांच्या दफनानंतर केक खाता खाता सगळ्यांना हसत हसत ऐकवली होती. मग “हर्मनचा मी माझ्या पद्धतीनं निरोप घेतो” म्हणून ते एकटेच बाबांच्या खोलीत गेले होते. नाण्यांच्या कपाटाची किल्ली तिनंच त्यांच्या हातात दिली होती.

इतके दिवस बाबांचा हात समजून ती उशाशी काय घेऊन झोपत होती? ही थुंकी.

“काका, अंगठा दाखवा.”

काकांनी अंगठा मुठीत मिटला.

“चुकून लागला असेल,” ते म्हणाले.

“तुमचा? चुकून?”

काकांनी कप उचलला, पण तो रिकामाच होता. “तुझ्याकडे ते नुसतं पडून राहिलं असतं, तिनेके. माझ्या संग्रहात एवढी एकच जागा रिकामी आहे, आणि चांगल्या नाण्याची किंमत मला झेपली नसती. बरं, पूर्ण देतो. कुठून तरी उभी करतो. डागासकट घेतो. झालं?”

तिनेकेनं नाणं उचललं, ते मुठीत धरूनच. त्याच्या तोंडाला ती पहिल्यांदाच हात लावत होती. ओट्याकडे जाऊन तिनं नळ सोडला आणि भांड्यांच्या घासणीवर साबण घेतला.

“काय करतेस? अगं, नको. घासू नकोस, वाटेल ते माग.”

“घाण लागलीय,” ती म्हणाली.

घासणी चांदीवर करकरायला लागली. बाबांच्या दफनाला कोरडे ठणठणीत राहिलेले काकांचे डोळे आता भरून आले आणि त्यांनी तोंड फिरवलं. आधी झळाळी गेली. मग अंगठा गेला. राजाचा गाल ओरखड्यांनी भरून गेला तरी ती घासतच राहिली.

शेवटी तिनं नाणं धुऊन, पुसून चमच्यांच्या शेजारी वाळत ठेवलं आणि टेबलाकडे आली. काकांची बशी तिनं दोन बोटांच्या चिमटीत, अगदी कडेनं उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात सोडून दिली.