जाळीचे वळ

"आज हनुवटीखाली वळ न्हाई उमटला," सिद्धप्पा म्हणाला आणि लेकीचा चेहरा त्यानं खिडकीच्या उजेडाकडं केला.

नेत्रावती कलबुर्गीच्या दवाखान्यात किरणांच्या खोलीतून नुकतीच बाहेर आली होती. सतरा वर्षांची पोर. नाकाच्या मागं, घशाच्या वर कॅन्सरची गाठ. तेहतीस दिवस किरणं घ्यायची, त्यातला आज एकोणिसावा. रोज तिच्या तोंडावर प्लास्टिकच्या जाळीचा मास्क चढवायचा आणि तो टेबलाला खटाखट अडकवायचा, म्हणजे डोकं हलायला नको. मास्क पहिल्याच दिवशी गरम पाण्यात मऊ करून तिच्या चेहऱ्यावर बेतलेला. किरणंही तशीच बेतलेली. गाठ पुरी जाळायची, पण लाळेच्या ग्रंथी आणि मानेतला मज्जारज्जू वाचवायचा. पोरीला अजून साठ वर्षं जेवायचंय, बोलायचंय. डोकं जरा सरकलं, की सगळा हिशेब चुकला.

सिद्धप्पा मन्नाएखेळ्ळीचा शिंपी. बायका-पोरींचे कपडे शिवणारा. किरणांच्या खोलीत त्याला कुणी सोडत नव्हतं. पण लेक बाहेर आली, की तिच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीखाली उमटलेली जाळी तो रोज बघून घ्यायचा. कपडा कुठं काचतोय आणि कुठं ढिला पडलाय, हे अंगावरच्या वळावरून कळतं. तीस वर्षं त्यानं दुसरं केलंय काय?

मशीन चालवणारा धनराज खटकचिंचोळीचा, गुणी पोरगा. तो हसला. "काका, थोडं ढिलं समद्यांचंच होतंय. रोज फोटो काढायलाव न्हवं आम्ही? बरोबर यायलेत."

"पाऊण इंच," सिद्धप्पा म्हणाला. "मी माप सांगायलोय, तक्रार न्हाई."

तक्रार न्हाई म्हणाला खरा, पण दारातून हलेना. शेवटी डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी नेत्रावतीला पुन्हा टेबलावर निजवलं, मास्क अडकवला, आणि त्यांची दोन बोटं हनुवटीखाली आरामात आत गेली. धनराजचं तोंडच उतरलं.

वजन केलं, तर चार किलो कमी! सोमवारी तर काटा बरोबर होता. मग पोरीनं खाली मान घालून सांगून टाकलं. दर सोमवारी ही बया ओढणीखाली दोन-दोन लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या दडवून काट्यावर उभी राहत होती.

"कामून केलीस गं असं?" सिद्धप्पानं विचारलं.

"घास गिळंना झालाय, अप्पा. सांगितलं असतं तर नाकातून नळी घातली असती."

सिद्धप्पा मॅडमकडं वळला. "मॅडम... म्हंजे इतके दिवस किरणं भलतीकडंच गेली व्हय?"

मॅडम कॉम्प्युटरपुढं बसल्या. रोज किरणं देण्याआधी डोक्याचा एक्स-रेसारखा एक फोटो आणि दिल्यावर एक. गेल्या आठवड्याचे सगळे त्यांनी एकावर एक ठेवून बघायला घेतले. सिद्धप्पा आपल्याच सदऱ्याची शिवण नखानं उसवत होता. आयुष्यात पहिल्यांदा.

बऱ्याच वेळानं मॅडमनी चष्मा काढला. "एका मिलिमीटरचाही फरक नाही. एकाही दिवशी नाही."

सिद्धप्पानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोकळेपणानं रडला. धनराजनंही नाक ओढलं.

"नळी बसवावी लागेल, काही आठवड्यांपुरती," मॅडम नेत्रावतीला म्हणाल्या. "मास्क नवा करू, मापंही नव्यानं घेऊ. आणि धनराज, रोज या काकांना विचारत जा."

त्याच दुपारी नवा मास्क बेतायला घेतला. या खोलीत किरणं नव्हती, म्हणून सिद्धप्पाला आत घेतलं. गरम पाण्यातून काढलेली मऊ जाळी ताणून धनराज पोरीच्या चेहऱ्यावर बसवायला लागला, आणि सिद्धप्पाचा अंगठा नकळत हनुवटीखालची कड दाबून गेला. शिंपी तो! कुणी त्याला अडवलं नाही. जाळी थंड होऊन कडक झाली आणि नेत्रावती उठून बसली. हनुवटीखाली चौकटी-चौकटीचा लालसर वळ उमटला होता.

मॅडमच्या मनातून मात्र ते फोटो जात नव्हते. "मला एक सांग. मोठमोठी माणसं घट्ट मास्कातसुद्धा चुळबुळ करतात. तू त्या ढिल्या मास्कात पंधरा-पंधरा मिनिटं अशी निजलीस तरी कशी?"

नेत्रावती कोरड्या ओठांनी हसली आणि बापाकडं बघत म्हणाली, "शाळंतल्या समद्या पोरींचे फ्रॉक अप्पांनी माझ्याच अंगावर टाचून शिवलेत, मॅडम. हललं की टाचणी टोचायची."