जड चाप

आर्नीच्या गावात नोव्हेंबरात, म्हणजे हरणाच्या शिकारीच्या मोसमात, कोणी लग्न ठरवत नसे, आणि शिकारीला न जाणारा पुरुष तर ऐकिवातही नव्हता. जंगलातल्या खोपीचा नियम एकच: ज्याचा नेम चुकेल, त्याच्या शर्टाचा मागचा काठ कापून भिंतीला ठोकायचा. त्या भिंतीवर बहुतेक सगळे काठ आर्नीचेच होते.

"बंदुकीचा चाप फार जड आहे रे. ओढताना नळीच हलते," आर्नी दरवर्षी म्हणायचा.

"घे अजून स्वस्तातली बंदूक," त्याचा भाऊ व्हर्न दरवर्षी म्हणायचा. "शर्ट संपले की पँटला हात घालू."

आर्नीची ही थट्टा त्याच्या जावयाला, कर्टिसला, बघवेना. यंदा त्यानं गुपचूप सासऱ्याच्या बंदुकीची स्प्रिंग बदलून चाप लोण्यासारखा हलका करून ठेवला. पहिल्याच सकाळी आर्नीच्या गोळीनं मोठ्या शिंगांचं हरीण जागच्या जागी कोसळलं. व्हर्ननं चक्क टोपी काढली.

कर्टिस शाबासकी घ्यायला धावला, तर म्हातारा बर्फात गुडघे टेकून हरणाच्या मानेवरून हात फिरवत बसलेला.

"पॉप, चाप मी हलका केला होता," कर्टिस म्हणाला. म्हणता म्हणताच त्याचा आवाज खाली आला.

आर्नीनं वर पाहिलं नाही.



"पोरा, घेताना दुकानातल्या सगळ्या बंदुकांचे चाप ओढून बघितले होते मी. जिचा सगळ्यांत जड होता, ती निवडली."