पायाळूची लाथ

धुळाप्पाच्या कमरेत उसण भरली आणि सगळं घरच आडवं झालं. उद्या सकाळी तो गिरणीत उभा राहिला नाही, तर त्याच्या मागावर बदली कामगार चढणार होता. तालमीतल्या वस्तादानं करडीचं तेल लावून रगडलं, न्हाव्यानं पाठीवर तबला वाजवला, केराबाईनं तापल्या विटेनं शेकलं. फरक शून्य. नवरा कण्हायचा सगळ्यांसमोर आणि शिव्या मात्र केराबाईला घालायचा.

"पायाळूची लाथ बसली की उसण पळती," वस्ताद म्हणाला. "पायाकडनं जलमलेलं कुणीतरी हुडका."

नवी सून मायाक्का दारामागनं हळूच बोलली, "मामा, मी पायाळू हाय."

सुनेची लाथ? पण धुळाप्पाच ओरडला, "हाण पोरी!"

मायाक्का आधी त्याच्या पाया पडली, मग तिनं कमरेवर टाच रोवून असा हिसका दिला की कट्टकन आवाज आला. धुळाप्पा उठला, चालला, आणि गल्लीभर सुनेचं कौतुक सांगत सुटला.

केराबाईनं तिला चुलीपाशी गाठलं. "खरंच पायाळू हायस व्हय गं?"

"न्हाय वो आत्या. आमची आज्जी अशीच पाय देऊन पाठी मोकळ्या करायची. पर पायाळू म्हटल्याबिगर सुनंचा पाय मामांनी घेतला असता का?"

"म्हंजी पायाळूच लागतंय असं न्हाय?"

"न्हाय की."

केराबाईनं पदर खोचला. "मग पुढच्या उसणीला मीच पायाळू!"