बुचावरच्या दोन रेघा

"हाही नाही जुळला," थोरला म्हणाला आणि त्यानं भिंग खाली ठेवलं.

सहाशे बारावा ओपनर. पितळी, माशाच्या आकाराचा, भंगारवाल्यानं खास बाजूला काढून ठेवलेला. थोरल्यानं त्या माशानं टेबलावरच्या दोन सोड्याच्या बाटल्यांपैकी एक उघडली होती आणि बूच डबीतल्या जुन्या बुचाशेजारी धरून पाहिलं होतं. मासा मुकाट्यानं भिंतीवर गेला.

लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला छंद आहे. चमच्याचा दांडा म्हणा, पट्ट्याचं बक्कल म्हणा, पाना म्हणा, दाराची कडी म्हणा, तो कशानंही बाटली उघडायचा. पेपरात फोटोसुद्धा आला होता. छंद कसला, डोंबल. प्रत्येक हत्यार बुचाच्या दात्यांवर आपली वेगळी खूण सोडतं, आणि डबीतल्या बुचावरची खूण कशाची, एवढंच त्याला शोधायचं होतं. तीन दाते सपाट, आत दोन बारीक रेघा, एक लांब, एक आखूड.

"एवढं काय आहे त्या बुचात?" शिडीवर चढून पंखा दुरुस्त करणाऱ्या वायरमननं विचारलं.

"माझ्या धाकट्या भावाच्या खाटेखाली सापडलं. एकतीस वर्षं झाली." थोरल्यानं डबी मिटली. "तेव्हा आमचा सोड्याचा कारखाना होता. बाटल्या कॉस्टिकच्या जहाल पाण्यानं धुवायचो. एक त्याच पाण्यानं भरलेली राहिली आणि यंत्रानं तिच्यावर बूच ठोकलं. दिसायला सोडाच. धाकट्याचा हात प्लास्टरमध्ये, त्याला कुठली उघडतेय? कुणीतरी उघडून दिली. नंतर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिसऱ्या दिवशी गेला."

"चुकून दिली असेल हो."

"चुकून कशी? सोडा उघडला की फस्स होतं. कॉस्टिकची बाटली मुकी. उघडणाऱ्याला तिथंच कळतं. मी कारखान्यात होतो, आई मागाहून बाजारात गेलेली. मला मुकादमाचा संशय होता. तो मेल्यावर त्याच्या घरचे ओपनरही आणून पाहिले, नाही जुळले."

"आणि माणूस सापडला तर?"

"तर फक्त विचारीन, का दिलीस म्हणून. ती मुकी बाटली रोज माझ्या कानात उघडते. एवढं एक उत्तर मिळालं की सुटलो."

कोपऱ्यात आई आपल्या लग्नातल्या शिवणयंत्रावर उशीचे अभ्रे शिवत होती. थोरल्यानं तिच्याजवळ जाऊन ओरडून सांगितलं, "आई, पंखा होतोय आता."

"ओरडतोस कशाला? बहिरी नाही मी," ती म्हणाली. कारखान्यातल्या यंत्राशेजारी बसून बसून तिचे कान तेव्हापासूनच कामातून गेले होते, पण कबूल करेल तर शपथ. धाकटा गेल्यापासून तिनं बाटलीला हात लावला नव्हता. थोरला बाटली उघडायला लागला, की ती मान खाली घालून शिवत राहायची. बिचारीला आठवण येत असेल, म्हणून तोही काही बोलत नसे.

तेवढ्यात वायरमन शिडीवरून कसाबसा उतरला आणि भिंतीला टेकून खाली बसला. चेहरा पांढराफटक, अंगावर घाम.

"डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळपासून पोटात काही नाही. जरा काहीतरी प्यायला द्या."

"बसा, हलू नका," म्हणत थोरला साखरपाणी आणायला आत धावला. आत साखरेचा डबा काही केल्या सापडेना. वायरमन बाहेर कण्हत होता. मग टक असा आवाज आला, मागोमाग फस्स.

तो पेला घेऊन बाहेर आला, तोच एक बूच घरंगळत त्याच्या पायाशी येऊन थांबलं. त्यानं वाकून उचललं. भिंगाची गरजच नव्हती. तीन दाते सपाट. दोन रेघा, एक लांब, एक आखूड.

आई शिवणयंत्राच्या लोखंडी कडेपाशी उभी होती, हातात टेबलावरची उरलेली बाटली. वायरमननं ती घ्यायला हात पुढे केला होता, पण आई सोडत नव्हती.

"आधी सांग बाबा," ती म्हणाली, "उघडताना आवाज झाला का?"